जांभा राखाडी का होतो? कोकणात रंगीत आणि कृष्णधवल रोल शेजारी शेजारी

कातळसडा (धागाकर्ता):

मंडळी, रोलच्या कॅमेऱ्यांवर इथे तुटक तुटक बरंच बोलून झालंय. पण एकाच जागी, एकाच उन्हात रंगीत आणि कृष्णधवल दोन्ही रोल लावून बघायचे तर काय सांभाळायचं, हे कुठे एकत्र सापडत नाही. म्हणून हा धागा. हद्द हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत. घाटावरचा प्रकाश वेगळा, तो इथे नको.

तुलना खरी व्हायची असेल तर भिंग एकच हवं. एकाच माउंटच्या दोन बॉडी घ्या, उदा. दोन पेंटॅक्स के१००० किंवा दोन निकॉन एफएम२. ५० मि.मी.चं भिंग काढून दुसऱ्या बॉडीवर चढवायचं, तिपाई हलवायची नाही. मॅमिया आरबी६७ किंवा हॅसलब्लाडसारखं मॅगझिन (रोल भरलेला मागचा डबा) बदलता येत असेल तर मग काय, सोनंच. दोन वेगळ्या कॅमेऱ्यांवर दोन वेगळी भिंगं लावून 'हा रोल जास्त शार्प' असले निष्कर्ष कृपया काढू नका. तो फरक बहुतेक वेळा भिंगाचा असतो, नाहीतर दमलेल्या शटरचा.

रोलची जोडी स्वस्तातली आणि समजायला सोपी: रंगीतला कोडॅक गोल्ड २००, कृष्णधवलला इलफर्ड एफपी४ प्लस १२५. (हे आकडे रोल प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्याचे.) गोल्डला १०० समजून मोजायचं, एफपी४ला १२५. म्हणजे दोघांचं एक्स्पोजर जवळपास सारखं येतं. नोव्हेंबरच्या स्वच्छ उन्हात एफपी४ला शटर १/१२५ सेकंद, छिद्र एफ/१६. गोल्डला तेच शटर, छिद्र एफ/११ आणि एफ/१६ यांच्या मध्ये.

गोल्डला जास्त प्रकाश का द्यायचा, तर रंगीत निगेटिव्ह जास्तीचे दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) मुकाट गिळते, पण एक स्टॉप कमी पडला की सावल्या मातकट होतात आणि ग्रेन, म्हणजे चित्रातले दाणे, वर येतो. किल्ल्याची जांभ्याची भिंत, तिच्या पायथ्याची सावली आणि मागे चमकणारं पाणी, एवढं एका चौकटीत घेताना सावलीला धरून मोजा. पाण्याची चमक गेली तरी चालते. कोनाड्यातली माती गेली की चित्र गेलं.

आता मुख्य तक्रार. रंगीत चित्रात जांभ्याचा गडगा तांबडा आणि मागचा माड हिरवा, दोन्ही वेगळे उठून दिसतात. त्याच जागेचं कृष्णधवल काढलं की गडगा आणि माड एकाच राखाडीत मिसळतात. यावर तुमचे उपाय लिहा.

पोफळ:

नेमकी हीच अडचण. फिल्टर लावायचा हे माहीत आहे, पण पिवळा, केशरी, हिरवा, लाल यातला कुठला? आणि के१०००चा मीटर भिंगातूनच मोजतो, मग फिल्टरचा हिशोब वेगळा करायचा की नाही?

एकशेवीस:

कातळसडा, राखाडी होतो कारण हल्लीचा कृष्णधवल रोल पॅनक्रोमॅटिक असतो. सगळे रंग त्याला दिसतात, पण नोंदवतो तो फक्त उजळपणा. ऊन खाल्लेला जांभा आणि झावळी यांचा उजळपणा जवळपास सारखा, फरक रंगाचा. तो फरक रोलपर्यंत पोचायच्या आधीच उजळपणात बदलून द्यायचा, एवढंच फिल्टरचं काम. फिल्टर आपल्या रंगाला उजळ करतो, विरुद्ध रंगाला दाबतो.

म्हणून केशरी लावला की जांभा, कौलं, तांबडी पायवाट उजळते, आकाश आणि दर्या गडद होतो. झावळ्या थोड्या खाली जातात. पिवळा-हिरवा लावला की उलट: माड, पोफळी, भाताचे चोंढे उजळतात आणि जांभा काळपट होतो. लाल (२५ नंबर) लावला तर जांभा जवळजवळ चुन्यासारखा, झाडी काळी, निळं आकाश काळंकुट्ट. पोस्टरला ठीक, रोज बघवत नाही. साधा पिवळा (८ नंबर) ढग जरा उठवतो, जांभा-माडाचं भांडण मिटवायला तो अपुरा.

भरपाई: पिवळ्याला १ स्टॉप, केशरीला साधारण २, पिवळ्या-हिरव्याला (११ नंबर) २, लाल २५ला ३. वरचंच उदाहरण घेतलं तर केशरी लावून एफपी४ला १/१२५, एफ/८.

पोफळ, मीटर भिंगातून मोजत असला तरी लाल आणि केशरीला त्याच्यावर विसंबू नका. के१०००मध्ये प्रकाश मोजायला सीडीएस (कॅडमियम सल्फाइडचा) सेल आहे. तो तांबड्या प्रकाशाला गरजेपेक्षा जास्त भुलतो, 'प्रकाश भरपूर आहे' म्हणतो आणि निगेटिव्ह पातळ येते. फिल्टर काढून मोजा, आकडा डोक्यात ठेवा, फिल्टर चढवा, स्टॉप हाताने मोजून द्या.

अजून एक. फिल्टर दाबतो ते निळं आकाश. एप्रिल-मेमध्ये क्षितिजावर जो पांढुरका धुरकट पट्टा असतो तो निळा नसतोच, लाल फिल्टरनेही तो काळा होत नाही. गडद आकाश हवं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर, पाऊस नुकता ओसरलेला, हवा धुतलेली. दूरचं निळसर धुरकं मात्र केशरीने बरंच कापलं जातं. खाडीपलीकडचे डोंगर वेगवेगळे दिसायला लागतात.

दर्यावर्दी:

एकशेवीस यांना +१. किनाऱ्यावर मोजण्याबद्दल थोडी भर.

मीटरला पुढे काय आहे ते कळत नाही, त्याला सगळं मध्यम राखाडी करायचं असतं. तारकर्लीची पांढरट वाळू आणि फेस चौकटीत भरला की तो एक ते दीड स्टॉप कमी देतो. सोपी युक्ती म्हणजे तळहात. विषयावर जे ऊन पडलंय तेच तळहातावर घ्या, त्याच्यावरून मोजा आणि एक स्टॉप जास्त द्या. वर्ण कुठलाही असो, तळहात बहुतेकांचा सारखाच उजळ.

दिशेचं गणितही मांडून ठेवा. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी दर्याकडे बघताना ऊन पाठीवर असतं. मिरकरवाड्याला किंवा हर्णैला होड्यांचे रंग बघायचे तर हीच वेळ, रंगीत रोलला. दुपारनंतर ऊन डोळ्यात, होड्या नुसत्या आकृत्या होतात. ती वेळ कृष्णधवलची.

पोलरायझर (चमक कापणारा, फिरवायचा फिल्टर) विकत घेऊन 'काही फरक दिसत नाही' म्हणणाऱ्यांसाठी: तो सूर्याशी काटकोनात सर्वांत जास्त चालतो. सकाळी पश्चिमेकडे, म्हणजे सूर्याच्या थेट उलट बघून फिरवलात तर आकाश ढिम्म हलणार नाही. पुळणीवर उभं राहून उत्तर-दक्षिण, किनाऱ्याच्या रेषेत बघा, मग आकाश उतरतं. दीड ते दोन स्टॉप खातो, ते द्यायला विसरू नका. रंगीतमध्ये ओल्या पानांवरची पांढरी चमक काढायला याच्यासारखं दुसरं काही नाही.

स्लाइडबद्दल (धुतल्यावर निगेटिव्ह नाही, थेट चित्रच देणारा रोल) कुणी विचारायच्या आधी: एक्टाक्रोम ई१०० किनाऱ्यावर भर दुपारी वापरणं म्हणजे पैसे दर्यात टाकणं. तिची झेप जेमतेम पाच स्टॉपची, फेस आणि जांभ्याची सावली यातलं अंतर त्याच्या कितीतरी पुढे. ऊन तिरपं झाल्यावर, तेही उजळ भागाला धरून. निगेटिव्हच्या नेमकं उलट.

पोफळ:

बैजवार माहितीबद्दल धन्यवाद. वाचनखूण साठवली.

खाजण:

फिल्टर वगैरे सगळं मान्य, पण जून ते सप्टेंबर कृष्णधवल रोल लावूच नये या मताचा मी. कोवळ्या भाताचा हिरवा, शेवाळाचा हिरवा, फणसाचा, अळवाचा, हे सगळे हिरवे एका राखाडीत कोंबून काय मिळतं? ढगाळ प्रकाशात रंगीत निगेटिव्ह जरा निळसर जाते, ८१ए चा फिकट उबदार फिल्टर लावला की जागेवर येते. जुलैच्या दाट ढगांखाली ४०० च्या रोलला मोकळ्यावर १/१२५ आणि एफ/५.६ ते एफ/८ मिळतं, पोफळीच्या वाडीत शिरलात तर आणखी दोन-तीन स्टॉप खाली.

वाडीतला एक धोका मात्र रंगीतलाच आहे. तिथला प्रकाश पानांवरून गाळून येतो, माणसांचे चेहरे हिरवे पडतात. स्कॅनमध्ये दुरुस्त करायला गेलं की पांढरं धोतर गुलाबी. चेहरा घ्यायचा तर वाडीच्या कडेला, आकाश दिसेल अशा जागी आणा.

कातळसडा:

खाजण, अर्धं पटलं. भाताला रंगीत, कबूल. पण पावसात भिजलेला जांभा काळा होतो, त्यावरची पाण्याची रेघ चकाकते, वर ढगांचे थर. तिथे एचपी५ प्लस (इलफर्डचा ४००चा कृष्णधवल) ८००ला ओढून, म्हणजे ८००चा समजून मोजून आणि धुताना जास्त वेळ देऊन, लावा आणि बघा. सपाट प्रकाशात ओढलेल्या रोलचा वाढलेला कॉन्ट्रास्ट उलट उपयोगी पडतो. रंगीतमध्ये तोच सडा नुसता तपकिरी चिखल दिसतो.

कातळशिल्पांचंही तसंच. उक्षीचा हत्ती, कशेळीचा मोठा हत्ती, बारसूची शिल्पं, सगळी जांभ्यात कोरलेली उथळ रेघ. रंग दगडाचा तोच आणि रेघेचाही तोच, त्यामुळे फरक फक्त सावलीचा. सूर्य उगवल्यावरचा किंवा मावळण्याआधीचा पाऊण तास, ऊन बाजूने घासून जाणारं. डोक्यावर सूर्य आला की कुठलाच रोल काही करू शकत नाही. केशरी फिल्टरने सावल्या आणखी खोल जातात, कारण सावलीत पडतो तो आकाशाचा निळा प्रकाश. आणि रेघा उठवायला त्यात पाणी, खडू, रांगोळी घालू नका. हे लिहावं लागतं, याचंच वाईट वाटतं.

लाल बल्ब:

रोल धुण्यावर कुणी बोललं नाही, आणि कोकणात खरी माती तिथेच होते.

पुस्तकातली सगळी वेळापत्रकं २० अंशांची. आपल्या नळाला मेमध्ये ३० अंशांचं पाणी. एचपी५ प्लस, आयडी-११ डेव्हलपर, १+१ (एक भाग डेव्हलपर, एक भाग पाणी): २० अंशांना १३ मिनिटं, २४ला साधारण ९, २७ला ७च्या आसपास. पाच मिनिटांच्या खाली कधीच उतरू नका. टाकीत ओतायला-काढायला लागणारे सेकंदच वेळेचा मोठा भाग होऊन बसतात आणि आकाशात पट्टे येतात. म्हणून उन्हाळ्यात १+३ करा. २० अंशांना २० मिनिटं, २७ला साधारण ११. हातात वेळ राहतो. फक्त १+३ला एका रोलमागे निदान ५०० मि.ली. तयार द्रावण घ्या. ३०० मि.ली.त मूळ डेव्हलपर जेमतेम ७५ मि.ली. पडतो, तो मध्येच दमतो.

माठात पाणी ठेवून थंड करायचा सल्ला घाटावरच्या मंडळींनी दिलेला असतो. किनाऱ्यावर हवेतच एवढी वाफ की माठातून पाणी उडत नाही, म्हणून ते फार उतरतही नाही. बर्फच लागतो, पण तो बाहेरच्या घमेल्यात. डेव्हलपरमध्ये बर्फ टाकलात तर तो पातळ होतो आणि किती पातळ झाला ते कळतही नाही. आत टाकायचाच तर घट्ट बांधलेल्या पिशवीतून.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डेव्हलपर, स्टॉप बाथ (डेव्हलपरचं काम थांबवणारं आम्ल द्रावण), फिक्सर (चित्र पक्कं करणारं द्रावण) आणि धुण्याचं पाणी, चारही एकाच तापमानाला. २० अंशांच्या डेव्हलपरमधून काढून थेट ३० अंशांच्या नळाखाली धरलात तर रोलवरचं सुजलेलं जिलेटिन सुरकुततं, भेगाळलेल्या खाजणासारखी जाळी उमटते आणि ती पुन्हा जात नाही. सगळं २६ला ठेवणं हे एकट्या डेव्हलपरला २०ला ठेवण्यापेक्षा बरं.

स्टॉप बाथला किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर पातळ करून चालतं. रॅपिड फिक्सर १+४. वेळ ठरवायला रोलचं कापलेलं टोक उजेडातच फिक्सरमध्ये टाका, पारदर्शक व्हायला लागलेल्या वेळेच्या दुप्पट रोल ठेवा. तेच टोक साफ व्हायला पहिल्यापेक्षा दुप्पट वेळ घेऊ लागलं की फिक्सर संपला.

पाणी: किनाऱ्याजवळच्या विहिरींना मचूळपणा, आतल्या बाजूला जांभ्यातलं लोह. शेवटची बुडवणी शुद्ध पाण्यात, बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर उत्तम. त्यात वेटिंग एजंट (पाण्याचे थेंब न राहता ते ओघळून जावं म्हणून) बाटलीवरच्या प्रमाणात, अंदाजाने नाही. जास्त झालं तर चिकट डाग पडतात. वाळत घालायला आंघोळीनंतरची न्हाणीघरातली जागा, धूळ बसलेली असते. पावसाळ्यात पाच-सहा तास लागतात. पंखा लावू नका.

पोफळ:

जिलेटिन मऊ पडू नये म्हणून फिक्सरमध्ये तुरटी घालतात असं ऐकलं होतं. खरं का?

लाल बल्ब:

तुरटी जिलेटिन कडक करते हे खरं, जुन्या हार्डनिंग फिक्सरमध्ये ती असायचीच. पण त्या कृतीत तिच्याबरोबर सल्फाइट, ॲसेटिक ॲसिड आणि बोरिक ॲसिड ठरलेल्या प्रमाणात असतं. नुसता तुरटीचा खडा फिरवलात तर आम्लता बिघडते आणि पांढरा गाळ बसतो, तो नेमका रोलवर चिकटतो. सगळी द्रावणं २७च्या खाली ठेवलीत तर आजच्या रोलला तुरटीची गरज नाही.

ताम्हन:

घरी धुणं जमणार नाही अशांनी काय करायचं? तालुक्याला रंगीत लॅब आहे, कृष्णधवल रोल तिथे दिला तर?

एकशेवीस:

अजिबात नको! रंगीत रोलच्या सी-४१ प्रक्रियेत चांदी ब्लीच होऊन निघून जाते, चित्र उरतं ते रंगद्रव्याचं. एचपी५ किंवा एफपी४मध्ये रंगद्रव्य नाहीच, म्हणजे कोरी पट्टी हातात येईल. त्या लॅबसाठी इलफर्ड एक्सपी२ सुपर घ्या. कृष्णधवलच, पण सी-४१मध्ये धुतला जाणारा. ४००चा आहे, २००ला मोजलात तर ग्रेन आणखी मऊ. स्कॅन करताना आणखी एक फायदा. धूळ काढायची इन्फ्रारेड सोय त्याच्यावर चालते. चांदीच्या रोलवर ती चालत नाही, कारण चांदी स्वतःच इन्फ्रारेड अडवते आणि यंत्र चित्रालाच धूळ समजतं.

त्याच लॅबला सिनेमाचा रोलही गुपचूप देऊ नका. कोडॅकचे व्हिजन३ २५०डी, ५००टी हे सिनेमाचे रोल सुटे भरून विकतात. त्यांच्या पाठीला रेमजेटचा काळा थर असेल तर तो सुटून लॅबचं सगळं यंत्र आणि पुढच्या गिऱ्हाइकांचे रोल काळे करतो. घरी धुताना आधी धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात जोरात हलवून तो थर सोडवतात, शेवटी ओल्या स्पंजने पाठ पुसतात. ५००टी बल्बच्या प्रकाशासाठी आहे, दिवसा ८५ नंबरचा फिल्टर लावून ३२०ला मोजा.

अवांतर: सी-४१ घरी करायला कोकणाचा मे महिना सोयीचा. ३७.८ अंश लागतात, बादलीतलं पाणी निम्म्या वाटेवर आधीच आलेलं असतं. पण डेव्हलपरच्या सव्वातीन मिनिटांत पाव अंशसुद्धा घसरू द्यायचा नाही, नाहीतर सावल्या एका रंगाला आणि उजळ भाग दुसऱ्या रंगाला जातो. ते स्कॅनमध्ये सुधारत नाही.

दर्यावर्दी:

आता कॅमेऱ्यांची दुखणी. निगेटिव्ह बघून ओळखता येतात.

रोलच्या लांबीभर एकच सरळ ओरखडा: डबीच्या तोंडाशी मखमल असते, तिच्यात वाळूचा कण अडकलाय. पुळणीवर रोल बदलू नका, बदलायचाच तर वाऱ्याकडे पाठ आणि कॅमेरा शर्टाच्या आत. कण कॅमेऱ्यात रोल दाबून धरणाऱ्या प्लेटवर असेल तर पुढच्या रोललाही तीच रेघ येईल, यावरून दोन्हीतला फरक कळतो.

कडेने प्रकाश शिरलेला: मागच्या झाकणाचा फोम दमट हवेत विरघळून डांबरासारखा चिकट झालाय. रंगीत रोलवर ही गळती केशरी-तांबडी दिसते, कारण प्रकाश पाठीकडून येतो आणि लाल रंगाचा थर पाठीला सर्वांत जवळ. कृष्णधवलवर नुसता पांढरा ढग, कुठून आला ते सांगत नाही. म्हणून जुना कॅमेरा तपासायला पहिला रोल रंगीतच लावावा. फोम स्पिरिटने पुसून काढा, खोबणीत काळी लोकर बसवली तरी काम होतं.

ठिपक्याएवढा तेजस्वी डाग, प्रत्येक चित्रात एकाच जागी: शटरचा पडदा कापडी असलेल्या, आरसा नसलेल्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याला, फेड-झोर्की वगैरे, सूर्यास्ताकडे तोंड करून टोपण न लावता ठेवलेलं. भिंगातून पडदा जळतो. एसएलआरला आरसा वाचवतो.

सगळाच रोल एक-दीड स्टॉप पातळ: यशिका मॅट १२४जी किंवा मिनोल्टा एसआरटी असेल तर आधी सेल बघा. त्या मीटरना १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल हवा, तो आता मिळत नाही. १.५ व्होल्टचा अल्कलाइन घातला की काटा खोटं बोलतो. कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल जवळ जातो, भोवती रबराची रिंग लावून बसवा. वरचा कागद काढला की महिना-दोन महिन्यांत संपतो, पावसाळ्यात त्याहून लवकर.

१२०च्या, म्हणजे कागदात गुंडाळून येणाऱ्या रुंद रोलला आणखी एक त्रास. दमट उकाड्यात पडून राहिला की मागच्या कागदावरचे आकडे आकाशात उमटतात. फ्रिजमध्ये ठेवा, पण काढल्यावर बंद पाकिटातच तास-दीड तास राहू द्या, नाहीतर थंड रोलवर दव धरतं.

आणि चामड्याची केस! कॅमेरा तिच्यात ठेवून कपाटात टाकणं म्हणजे बुरशीची लागवड. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल, रंग बदलला की भाजून परत. किनाऱ्यावरून आलात की आधी गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने बॉडी पुसा, मग कोरड्याने. कोरड्या फडक्याने मीठ नुसतं घासलं जातं.

पोफळ:

शेवटचा प्रश्न. हरिहरेश्वरच्या कातळावर संध्याकाळी पाणी धुक्यासारखं करायचं आहे. दोन्ही रोलवर किती सेकंद द्यायचे?

एकशेवीस:

मीटर सांगेल तेवढे पुरत नाहीत, मंद प्रकाशात रोल आळसावतो. एफपी४ प्लसला मीटरने ८ सेकंद दाखवले तर १४ द्या, १५ दाखवले तर ३०, ३० दाखवले तर ७०-७५. एचपी५ला १०चे २०, ३०चे ८५. फोमापॅन १०० नेलात तर जेवणाचा डबाही न्या, त्याला १०चे ८० लागतात. रंगीत रोलला तीन थर, तिघांचा आळस वेगळा, म्हणून रंग सरकतो. गोल्डला १० सेकंदांच्या आत ठेवा, एक स्टॉप जास्त द्या. केबल रिलीज हवीच, आणि तिपाई वाळूत नको, कातळावर.

खाजण:

भरतीचं बघून जा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ येते, ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. पौर्णिमा-अमावास्येला भरती साडेअकरा-बाराला, म्हणजे सूर्यास्ताला पाणी खाली गेलेलं आणि कातळ सर्वांत जास्त उघडा. अष्टमीला नेमकी सहाला भरती असते, तेव्हा प्रदक्षिणेच्या वाटेवर तिपाई घेऊन उतरू नका.